लाकडाच्या वेशातले पोलाद, कार्बनच्या वेशातले प्लास्टिक

१/ १९४६ साली अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड कंपनीने जीपवर बेतलेली एक स्टेशन वॅगन बाजारात आणली. तिचा सांगाडा पोलादी, कवच पोलादी, दरवाजेही पोलादी. तरीही ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाने तिच्या पत्र्यावर चौकटी उठवल्या आणि लाकडाची आठवण व्हावी अशा छटांनी त्या रंगवून घेतल्या. अधिक मजबूत, अधिक टिकाऊ अशी नवी वस्तू जुन्या, कुजणाऱ्या वस्तूचे सोंग घेऊन ग्राहकासमोर आली.

२/ आज घरच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसून कुणी तरुण आपल्या गाडीच्या डॅशबोर्डवरील करड्या प्लास्टिकच्या पट्टीला कार्बन फायबरच्या विणीची फिल्म चिकटवतो, तेव्हा त्याला ‘नकली’ म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. त्या हसण्यात थोडे तथ्य आहे आणि बरेचसे अज्ञान. या धाग्यात त्या पट्टीची वंशावळ पाहू. धागा लांब आहे.

३/ आरंभ लाकडापासून करावा लागतो, कारण मोटारीच्या आधी घोडागाडी होती आणि घोडागाडी सुताराची होती. सुरुवातीच्या मोटारींच्या शरीरात लाकडी सांगाडा असे, त्यावर पत्रा ठोकलेला असे. हेन्री फोर्डला इतके लाकूड लागे की १९२० च्या सुमारास त्याने मिशिगन राज्याच्या उत्तरेस आयर्न माउंटन परिसरात विस्तीर्ण जंगल विकत घेतले आणि तेथे लाकूड कापण्याचा कारखाना उभारला. १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मालिकेत स्टेशन वॅगन आली. तिचे मेपल आणि बर्च लाकडाचे शरीर उघडेच होते, वार्निश केलेले. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांच्या पेट्या हॉटेलात वाहून नेणारी ही कामाची गाडी. लाकूड तेथे शोभेसाठी नव्हते. ते स्वस्तात जमणारे होते, म्हणून होते.

४/ (जाता जाता: त्या कारखान्यात उरणारा लाकडाचा भुसा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून फोर्डने त्यांचा कोळसा करून विटा पाडल्या. किंग्सफोर्ड नावाने आज अमेरिकेत घरोघरी शेगडीवर जळणारा कोळसा तो हाच. लाकूड तापवून कार्बन करण्याची ही क्रिया पुढे, फार वेगळ्या रूपात, या कथेत पुन्हा येणार आहे.)

५/ उघड्या लाकडाची गाडी सांभाळणे म्हणजे दारात नाव बांधून ठेवण्यासारखे. वर्षाकाठी घासून पुन्हा वार्निश करायचे, सांध्यांत पाणी मुरू द्यायचे नाही, सुटलेले जोड आवळायचे. पण याच काळात एक गंमत घडली. ही देखभाल परवडणारे लोक श्रीमंत होते, त्यांची शेतावरची घरे होती, आणि वॅगन त्या घरांच्या दारात उभी असे. कामाची गाडी हळूहळू ऐटीची झाली. १९४१ मध्ये क्रायस्लरने ‘टाउन अँड कंट्री’ आणली. महायुद्धानंतर त्याच नावाच्या उघड्या टपाच्या गाड्या निघाल्या, फिकट ॲश लाकडाच्या चौकटी आणि त्यांत गडद महोगनी. पाहुण्यांच्या पेट्यांशी आता काही संबंध उरला नव्हता.

६/ आणि नेमक्या याच गाडीत नकलेने प्रवेश केला. १९४७ च्या सुमारास महोगनीचा खरा पातळ पापुद्रा काढून त्या जागी डाय-नॉक नावाची छापील फिल्म आली. चौकट खऱ्या ॲशची, आतली महोगनी कागदोपत्री. हे तंत्र मुळीच नवे नव्हते: १९३० च्या दशकातच अमेरिकी गाड्यांच्या पोलादी डॅशबोर्डवर आणि खिडक्यांच्या आतील चौकटींवर लाकडाच्या रेषा छापल्या जात होत्या. नवे इतकेच की आता ही छपाई बाहेर, उन्हापावसात आली.

७/ उलटा प्रकारही तेव्हाच घडत होता, आणि तो अधिक मनोरंजक आहे. शेव्हरलेच्या पोलादी गाडीला बाहेरून लावण्यासाठी ‘कंट्री क्लब’ नावाचा खऱ्या लाकडी पट्ट्यांचा संच मिळत असे. म्हणजे द्रव्य अस्सल, पण त्याने पेलायचे काहीच नाही. डाय-नॉकमध्ये द्रव्यच खोटे होते. येथे द्रव्य खरे आणि काम खोटे. ‘नकली’ हा एकच शब्द या दोन्हींना लावला की विचार तेथेच थांबतो.

८/ पुढचा प्रवास वेगाने उतरणीचा आहे. पोलादी वॅगन स्वस्त पडू लागल्या, फोर्डचा तो कारखाना १९५१ मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात याच सुतारांनी ४ हजारांहून अधिक लष्करी ग्लायडर बांधले होते. त्यांच्या हातचे कौशल्य बाजारातून निघून गेले ते परत आले नाही. फोर्डच्या कंट्री स्क्वायर गाडीवर मात्र लाकूड कायम राहिले, फक्त ते आता डाय-नॉकचे होते आणि त्याभोवतीच्या पट्ट्याही पुढे फायबरग्लासच्या झाल्या. नकलेची चौकटसुद्धा नकलेची! ब्यूइकची रोडमास्टर इस्टेट १९९६ पर्यंत ही छापील फळी अंगावर वागवत होती. जी माणसे ती विकत घेत होती त्यांतील बहुतेकांनी खऱ्या लाकडाची गाडी कधी चालवलीही नसेल.

९/ इंग्लंडमध्ये हाच फरक कायद्याच्या पातळीवर दिसतो. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर (१९५३ ते १९७१) या गाडीच्या मागील भागातील ॲश लाकूड खरोखर भार पेलते. ते कुजले असेल तर तेथील वार्षिक तपासणीत गाडी नापास होत असे. १९६० मध्ये आलेल्या मिनी ट्रॅव्हलरवरही ॲशच्याच पट्ट्या दिसतात, पण त्या पत्र्यावर नुसत्या चिकटवलेल्या. शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. एकीचे लाकूड काढले तर गाडी मोडते, दुसरीचे काढले तर फक्त गोंदाचे डाग राहतात.

१०/ मराठी वाचकाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहून वर पाहावे. डोंगर कोरून केलेल्या त्या कमानदार छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. छत अखंड खडकाचे. त्या फासळ्यांनी काहीही पेललेले नाही. त्याआधी चैत्यगृहे लाकडाची बांधली जात, म्हणून दगडी चैत्यगृहातही लाकूड हवेच होते. तेथून अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत जावे, म्हणजे पाचव्या शतकात. तेथे फासळ्या आहेत, पण त्याही दगडातच कोरलेल्या. कार्ले ही मिनी ट्रॅव्हलर आणि अजिंठा ही कंट्री स्क्वायर, असे म्हटले तर पुरातत्त्वाचे प्राध्यापक रागावतील, पण क्रम तोच आहे.

११/ जुन्या द्रव्याची गरज संपल्यावरही नव्या द्रव्यात त्याचे रूप टिकून राहते, त्याला ‘स्क्यूओमॉर्फ’ म्हणतात. हेन्री कॉली मार्च या इंग्रज अभ्यासकाने १८८९ मध्ये ही संज्ञा घडवली. आता प्रश्न असा की कार्बन फायबरची फिल्म या संज्ञेत बसते का? लाकूड जुने होते, प्लास्टिक नवे. कार्बन फायबर तर प्लास्टिकच्या पट्टीहून नवे आणि महाग. येथे जुन्याची आठवण नाही, वरच्याची हाव आहे. ही प्रतिष्ठा त्या द्रव्याला मिळाली कुठून, ते पाहिले पाहिजे.

१२/ एडिसनने १८७९ मध्ये दिव्यासाठी सुती धागा जाळून कार्बनची तार केली, नंतर जपानी बांबूची. पण बळकट कार्बन तंतू १९५८ मध्ये ओहायोतील युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकन याच्या हाती लागले. जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंदो याने पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून, म्हणजे ज्यापासून स्वेटरची कृत्रिम लोकर होते त्याच कुळातील धाग्यापासून, कार्बन तंतू मिळवले. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्राने ती वाट पक्की केली. एका तंतूची जाडी अवघी ५ ते ७ मायक्रॉन. असे ३ हजार तंतू एकत्र घेऊन केलेल्या दोऱ्याचे तिरक्या विणीचे कापड, हाच आज सर्वांना ठाऊक असलेला ‘कार्बन’.

१३/ आरंभी हे द्रव्य अपयशासाठी गाजले. रोल्स-रॉइसने आपल्या आरबी२११ जेट इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन तंतूंची करायचे ठरवले. इंजिनात पक्षी आदळल्यास काय होते या चाचणीत ती टिकली नाहीत, टायटॅनियमकडे वळावे लागले, आणि वाढलेल्या खर्चाखाली कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोर झाली. त्यानंतर दहा वर्षांनी जॉन बार्नर्डने मॅकलॅरेनसाठी एमपी४/१ ही शर्यतीची गाडी आखली. तिचा कार्बनचा सांगाडा सॉल्ट लेक सिटीच्या हर्क्युलिस कंपनीने बनवला. हे ठिसूळ द्रव्य अपघातात भुगा होईल, असे अनेकांचे मत होते. सप्टेंबर १९८१ मध्ये मोंझा येथे जॉन वॉटसनची गाडी लेस्मोच्या वळणावर भिंतीवर आदळली, इंजिन सांगाड्यापासून तुटून वेगळे झाले, आणि वॉटसन चालत बाहेर आला. द्रव्याची कीर्ती जाहिरातीने झाली नाही. त्या चार पावलांनी झाली.

१४/ पण कीर्ती आणि दिसणे यांत अंतर आहे. विमानात किंवा शर्यतीच्या गाडीत भार पेलणारे थर पुष्कळदा एकाच दिशेच्या तंतूंचे असतात. त्यांत चौकटीची नक्षी नसतेच. फेरारी एफ४० (१९८७) या गाडीच्या पातळ लाल रंगाखालून वीण पुसट दिसत असे, ती वजन वाचवण्यासाठी रंग कमी दिल्यामुळे. मग ग्राहकांना ती आवडू लागली. २००३ च्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसएलचे छप्पर कार्बनचे होते आणि मुद्दाम उघडे ठेवलेले. तेव्हापासून महागड्या गाड्यांतही सर्वांत वरचा विणलेला थर बरेचदा डोळ्यांसाठीच घातला जातो. खऱ्या कार्बनवरही कार्बनचे सोंग असते, ते असे.

१५/ आता घरच्या कामाकडे. त्याचे तीन प्रकार मानावेत. पहिला सर्वांत गरीब आणि कदाचित सर्वांत हुशार: पट्टीला काळा रंग द्यायचा, त्यावर कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी चटई ताणून बसवायची, करडा स्प्रे हलकासा मारायचा, चटई उचलायची आणि वरून पारदर्शक लॅकर. दुसरा, फिल्मचा. तिसरा, खरे कार्बनचे कापड आणून प्लास्टिकच्या पट्टीवर इपॉक्सी रेझिनने चढवायचे, थर वाळले की घासायचे, पुन्हा थर, पुन्हा घासणे. या तिसऱ्यात द्रव्य अस्सल असते, पण ते पेलत काहीच नाही. शेव्हरलेच्या लाकडी पट्ट्यांचा हा सख्खा नातू. वर सूर्यकिरण रोखणारा लॅकर नसेल तर इपॉक्सी उन्हाने पिवळी पडते, आणि वार्निशवाल्यांचे जुने दुःख नव्या पिढीच्या वाट्याला येते.

१६/ फिल्मच्या कथेत इतिहासाने एक वर्तुळ पुरे केले आहे. २००० नंतरच्या दशकात घरगुती कारागिरांत जी कार्बन-विणीची फिल्म लोकप्रिय झाली, ती थ्रीएम कंपनीची होती आणि तिचे नाव डाय-नॉक. कंट्री स्क्वायरच्या अंगावरचे लाकूड आणि आजच्या डॅशबोर्डवरचा कार्बन एकाच नावाखाली विकले गेले. फरक स्पर्शाचा: नव्या फिल्मवर वीण नुसती छापलेली नसते, उठावदार असते, बोटाला लागते.

१७/ ती लावण्याची रीत ऐकली तर यात कसब नाही असे कुणी म्हणणार नाही. शक्य तेथे पट्टी गाडीतून काढून घ्यायची. जागेवरच फिल्म कापणाऱ्याचे ब्लेड शेजारच्या प्लास्टिकवर कायमची रेघ सोडते. डॅशबोर्ड चमकवण्याच्या सिलिकॉनचा अंश राहिला तर काहीच चिकटत नाही, म्हणून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचे. मधून कडेकडे दाबत जायचे, वळणावर हीट गनने ऊब देऊन ताणायचे, कड मागे वळवायची. आणि शेवटी कडांना पुन्हा कडक उष्णता द्यायची, कारण ताणलेल्या फिल्मला आपला मूळ आकार आठवत असतो. ती आठवण उष्णतेने मोडली नाही तर पहिल्या उन्हाळ्यात कडा उचलतात. एअरबॅगच्या झाकणाला मात्र यातले काहीही लावायचे नाही: ते झाकण ठरल्या रेषेवर क्षणात फाटायला हवे, आणि त्यावरचा थर त्याला अडवू शकतो किंवा तुकडे होऊन अंगावर येऊ शकतो.

१८/ जाणकार नक्कल ओळखतो ती चमकेवरून नव्हे, दिशेवरून. कार्बनच्या विणीत तिरकी रेघ असते. डाव्या दरवाजाच्या पट्टीवर ती वर चढत असेल आणि डॅशबोर्डवर उतरत असेल, तर ते काम घाईचे. चांगल्या कारखान्यात डावा-उजवा भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखे जुळवतात. घरी ते करायचे तर फिल्म दुप्पट लागते आणि निम्मी वाया जाते. तरीही काहीजण ते करतात: सारे तुकडे कापण्याआधी जमिनीवर मांडतात, रेघांची दिशा खडूने लिहून ठेवतात आणि मगच पहिल्या तुकड्याचा मागचा कागद सोलतात.