लग्नाच्या फोटोतलं मागचं गाव

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानमालेत लग्नाचे फोटो कशाला? आपल्याकडं इतिहास म्हटलं की ताम्रपट, बखरी, मोडीतली कागदपत्रं. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात मोडी कागद नसतो आणि लग्नाचा अल्बम मात्र असतो. तो कसा वाचायचा, आणि मुळात कसा काढायचा, हे मला एका लग्नात उमगलं. ते लग्न धरूनच आज बोलतो.

२०२४ च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. आमच्या नात्यातलं लग्न. नवरदेव बारामतीचा, नवरी इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवची. मुलांनी हौसेनं बेत आखला होता. सकाळी बारामतीत कऱ्हेच्या काठी नवरदेवाचे फोटो, दुपारी इंदापुरात लग्न, मालोजीराजांच्या गढीपाशी थोडे फोटो, आणि संध्याकाळी भिगवणमार्गे बारामतीला परतताना पळसदेवला थांबायचं. एका दिवसात तीन गावं. फोटोग्राफर पोरगा हुशार, सोबत दोन मदतनीस, एक ड्रोन.

आता पहिला प्रश्न. एवढ्या उन्हात लग्नं का? उत्तर शेतात आहे. रब्बी निघालेली असते, खळं आवरलेलं असतं, हातात चार पैसे असतात, आणि पावसाला अजून अवकाश असतो. पाहुण्यांना सवड असते. शिवाजीमहाराज आणि सईबाईंच्या विवाहाची रूढ तारीखसुद्धा १६ मे १६४० आहे. म्हणजे ही रीत जुनीच.

पण फोटोवाल्याच्या दृष्टीनं हा काळ सगळ्यात अवघड. बारामती साधारण सव्वाअठरा उत्तर अक्षांशावर येते. १२-१३ मेच्या सुमारास तिथं दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. एप्रिलअखेरीस फरक पडतो तो चार-पाच अंशांचा. आणि आमचा मुहूर्त होता साडेबाराचा! (हशा) अशा वेळी उघड्यावर फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर ऊन. त्यात आपल्याकडचं बांधकाम काळ्या दगडाचं. मागं काळा पाषाण आणि पुढं पांढरा सदरा, फेटा. कॅमेऱ्याचं मोजमाप दगडाला भुलतं आणि कपडा पांढराफटक पडतो. म्हणून जुने फोटोवाले मंडपाच्या कापडाखाली किंवा वाड्याच्या दरवाज्याच्या सावलीत माणसं उभी करायचे. त्या उजेडात आपला अंतरपाटही मदतीला येतो. पांढरं कापड दोन्ही बाजूंना उजेड परतवतं, आणि नवरा-नवरीचे चेहरे उजळतात.

तर सकाळी साडेसहाला आम्ही बारामतीत होतो. बाबूजी नाईकांचा वाडा, सिद्धेश्वराचं देऊळ. फोटोग्राफरनं विचारलं, "काका, हा वाडा कुणाचा?" मी म्हटलं, अरे, ह्या घराचा इतिहास लग्नापासूनच सुरू करता येईल. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची मुलगी भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशी यांना दिली होती. बाबूजी नाईक हे आबाजींचे भाऊ. मोठे सावकार घराणं, पेशव्यांना कर्ज देणारं. घरात सोयरीक आणि वहीत येणं, म्हणजे नातं किती गुंतागुंतीचं असेल बघा. १७४० मध्ये थोरले बाजीराव वारले तेव्हा ह्याच बाबूजींनी रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यानं पेशवेपदावर दावा सांगितला. तो फसला. पुढं त्यांच्याच आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले, तिथंच लिहिले आणि १७९४ मध्ये तिथंच गेले.

ह्या सगळ्यांचं चित्र आपल्यासमोर नाही. मोरोपंत गेल्यावर ४५ वर्षांनी, १८३९ मध्ये, पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. तोवर भिऊबाईंच्या लग्नाला शतक उलटून गेलं होतं. ती सोयरीक आपल्याला कळते, कारण ती राजकारणात उपयोगी पडली. मांडव कसा होता, कोण कोण आलं होतं, अंगणात काय होतं, ते कुणाला नोंदवावंसं वाटलं नाही.

मग कॅमेरा गावोगाव पोचल्यावर हे बदललं का? बदललं, पण अर्धंच. आठवा, जुन्या १२० रोलवर चौकोनी फोटो बारा यायचे. पुढं पस्तीस मिलिमीटरचा रोल आला, त्यावर छत्तीस. रोल महाग, धुलाई महाग. बारा फोटोंत कोण बसणार? खुर्चीवर सासरे, व्याही, गावातलं वजनदार माणूस. पायाशी पोरं. स्वयंपाकघरातल्या बाया नाहीत, वाजंत्री नाहीत, आणि घरातली विधवा आत्या दाराआड. अल्बम वाचताना मी आधी हेच शोधतो, की कोण नाही. पण त्या फोटोंचा एक गुण होता. माणसं बरीच, म्हणून फोटोवाल्याला लांब उभं राहावं लागायचं, आणि म्हणून मागची भिंत, दरवाजा, तुळशीवृंदावन, कडेचं देऊळ नकळत आत यायचं. फोटोवाल्यानं ते मुद्दाम घेतलं नव्हतं. आज आपल्याला कामाचं तेच आहे.

दुपारी इंदापूर. अक्षता पडल्या, जेवणं झाली. गढीपाशी गेलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. इंदापूर परगणा मालोजीराजांच्या जहागिरीतला, आणि इंदापूरच्याच लढाईत ते पडले. मालोजींच्या पत्नी उमाबाई शेजारच्या फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्यातल्या, आणि नातसून सईबाईही त्याच घराण्यातल्या. बारामती, फलटण, इंदापूर हा मुलूख असा सोयरिकींनी विणलेला आहे. आमच्या फोटोग्राफरनं सावली शोधली, दोघांना उभं केलं, लांब लेन्स लावली, आणि मागचं सगळं धूसर केलं. फोटो सुंदर आला. फक्त तो इंदापूरचा होता की इंदूरचा, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

आता पळसदेव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाणी मागं पसरलं ते इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत. सुमारे ११७ टीएमसीचा साठा. त्यानं ऊस आला, पाणी आलं, भिगवणला रोहित पक्षी आले. आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. जुनं पळसदेव त्यातलंच. गाव महामार्गाकडं वर सरकलं, पळसनाथाचं दगडी देऊळ मात्र खालीच राहिलं. उजनीच्या साठ्यातला निम्म्याहून जास्त भाग मृतसाठा. त्याला हात लागला की आमच्याकडं म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली, आणि देऊळ उघडं पडलं. ज्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी हे दर्शन. तेव्हा तिथं गर्दी करताना थोडं भान ठेवावं, कारण देऊळ दिसतंय ह्याचा अर्थ कुणाचं तरी पीक जळतंय.

आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत गेलो. संध्याकाळचे सहा, उजेड सोन्यासारखा. नवरीची आजी हट्टानं आली होती. ती जुन्या पळसदेवात सून म्हणून आलेली, तिथंच पहिली बारा-पंधरा वर्षं संसार केलेली. फोटो चालू होते तेव्हा ती देवळाकडं न जाता बाजूला चालत गेली. दगडांच्या दोन-तीन ओळी होत्या, घरांची जोती. एका जोत्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हितं आमची चूल हुती."

फोटोग्राफरनं तिला कौतुकानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. तिनं दोन-चार बघितले. मग नातीला म्हणाली, "पोरी, तू लई छान दिसतीस गं. पर आपलं गाव कुठाय ह्यात?"

पोरगा गप्प झाला. चूक त्याची नव्हती. त्याला सगळे तेच शिकवतात, माणूस स्पष्ट आणि मागचं पुसट. पण त्यानं एक केलं. लेन्स बदलली, पंधरा-वीस पावलं मागं गेला, छिद्र बारीक केलं, म्हणजे जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट येईल. आजीला जोत्यावर बसवलं, नातीला आणि नातजावयाला शेजारी. मागं देवळाचं शिखर, उजवीकडं दगडांच्या ओळी, लांबवर पाण्याची रेघ. आणि आजीला विचारून कुठलं जोतं कुणाचं, हे नवरीनं मोबाईलवर बोलून नोंदवून घेतलं. सात घरांची नावं निघाली. पावसाळ्यात पाणी परत चढलं. आजी पुढच्या वर्षी गेल्या. आता ती सात नावं त्या फोटोमागं लिहिलेली आहेत, आणि दुसरीकडं कुठंही सापडायची नाहीत.

धरण झालं तेव्हा सरकारनं जमिनी मोजल्या, घरं मोजली, मोबदल्याची कागदपत्रं केली. त्यात क्षेत्रफळ मिळेल. चूल कुठं होती हे मिळणार नाही. ते ह्या फोटोत आहे.

म्हणून शेवटी दोनच गोष्टी सांगतो. घरात लग्न असेल तर फोटोवाल्याला आधीच सांगा, "दादा, प्रत्येक ठिकाणी एक तरी फोटो लांबून काढा, मागचं स्पष्ट येऊ द्या." आणि त्यात स्वयंपाकाच्या बायकांना, वाजंत्र्यांना, म्हाताऱ्या माणसांना बोलवा. दुसरं, जुना अल्बम घरातल्या वयस्क माणसाशेजारी बसून उघडा आणि फोटोमागं मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. मोबाईलमध्ये हजार फोटो असले तरी नावं लिहिलेले दहा कागदावर काढून ठेवा.

हे काम ह्या सुट्टीतच करा. आमच्या आजींना विचारायला मिळालं, कारण त्या वर्षी उजनी आटली होती आणि आजी होत्या. दोन्ही एका वेळी पुन्हा जुळून यायचं नाही.