दसऱ्याच्या पाटावरची बंदूक

दसऱ्याच्या सकाळी धार-देवासच्या जुन्या मराठी घरांत अजूनही पाट मांडला जातो. त्यावर पणजोबांची तलवार असते, कुठे दांडपट्टा, कुठे नुसता अडकित्ता आणि विळी. आणि ज्या घरी परवाना आहे तिथे बंदूक. तिच्या कुंद्याला गंध लागते, नळीवर झेंडूची माळ चढते, पुढ्यात आपट्याची पाने पडतात. आमच्या लहानपणी आजोबा बारा बोअरच्या दुनळीशेजारी परवान्याची पुस्तिकाही ठेवीत आणि तिलाही हळदकुंकू वाहत. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. पुढे या विषयाचे थोडे वाचन झाल्यावर वाटू लागले, की पूजेचा खरा मान त्या पुस्तिकेचाच होता. आपल्या माळव्यात गेली दीडशेहून अधिक वर्षे शस्त्रापेक्षा शस्त्राचा कागद मोठा आहे.

ही कागदाची सत्ता सुरू झाली ती धारच्या किल्ल्यापासून, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. (दुसऱ्या बाजीरावाचा जन्म याच किल्ल्यातला, हे वाचकांना सांगायला नकोच.) १८५७ साली गादीवर अल्पवयीन आनंदराव पवार होते. संस्थानच्या नोकरीतील अरब, मकरानी आणि इतर ‘विलायती’ शिबंदीने उठाव करून किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरमध्ये कर्नल ड्युरँडच्या फौजेने वेढा घातला, तटाला भगदाड पाडले आणि ३१ तारखेला आत शिरून पाहिले तो किल्ला रिकामा! शिबंदी रातोरात निसटली होती. शिक्षा मात्र संस्थानाला झाली. धार खालसा झाले आणि १८६० मध्ये, बैरसिया परगणा भोपाळकडे जाऊन, आनंदरावांना परत मिळाले. भाडोत्री हातांतली शस्त्रे राज्य घालवू शकतात, हा धडा इंदूरच्या रेसिडेन्सीने आणि संस्थानांच्या दरबारांनी आपापल्या परीने गिरवला.

पुढे १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचे नाही. युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना मात्र सूट. संस्थाने कायद्याच्या भाषेत ब्रिटिश मुलखाबाहेर होती खरी, पण बंदूक उतरायची मुंबई बंदरात आणि यायची ब्रिटिश रेल्वेने. आयातीला आणि वाहतुकीला सरकारी परवानगी लागे, त्यामुळे चावी अखेर साहेबाच्याच खिशात राहिली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात सवलती मागितल्या. १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरणाऱ्या गांधीजींनीसुद्धा, साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे लिहिले. सूट देण्यातला वर्णभेद १९२० च्या नियमांनी काढला, कायदा राहिला.

याच काळात बंदुकीची जाहिरात रंगात आली होती. कलकत्त्याची मँटन कंपनी १८२५ पासूनची. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये दुकान मांडले. हॉलंड अँड हॉलंडची ‘पॅराडॉक्स’, वेस्टली रिचर्ड्सची ‘एक्सप्लोरा’, उंची मालाला ‘रॉयल’ हे बिरुद: या नावांतच सारी जाहिरात आहे. बंदुकीने अमुक अंतरावर अमुक जनावर पडते, ही त्यातली तांत्रिक बाजू. पण खरा माल निराळाच होता. ही बंदूक ज्याच्या हाती तो राजा, साहेब किंवा निदान सरदार, हे त्या नावांत न बोलता विकले जात होते. ज्या देशात बहुसंख्यांना बंदूक घेताच येत नाही, तिथे जाहिरात थोड्यांना त्यांच्या थोरपणाची आठवण करून देते. शिकारीच्या छायाचित्रांत मेलेल्या वाघामागे बंदूक आडवी धरून उभी राहिलेली मंडळी आठवा. ती ऐट कारखान्याने बंदुकीबरोबर फुकट दिलेली होती.

सरकारची भीती आणि कारखानदाराची जाहिरात यांची गाठ कशी पडे, याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास बंदी केली. कारण वाघ-हत्तींची दया नव्हे. त्या बोअरची गोळी बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरली जाईल, ही धास्ती होती. बंदूकवाल्यांनी लगोलग .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले आणि नव्या शोधाच्या थाटात बाजारात आणले. तीच गोष्ट लष्करी .३०३ ची. आजही परवानाधारकाच्या घरी सरकारी कारखान्याची .३१५ रायफल दिसते, त्या विचित्र आकड्यामागे हेच कारण आहे: फौजेची काडतुसे तिला चालू नयेत. साहेब गेला, त्याची धास्ती आकड्यात राहिली.

आता अर्धस्वयंचलित शस्त्राकडे येऊ. साध्या रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने खटका मागे ओढून रिकामे काडतूस काढावे लागते. अर्धस्वयंचलित शस्त्र हे काम स्वतःच करते. चाप जितक्या वेळा दाबाल तितके बार. अमेरिकेत १९०६-०७ मध्येच रेमिंग्टन आणि विंचेस्टर यांनी अशा रायफली शिकाऱ्यांसाठी विक्रीला आणल्या. आपल्याकडे हे तंत्र आले ते मुख्यतः पिस्तुलाच्या रूपाने, आणि दुकानाच्या दारातून फारसे नव्हे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुले धाडली. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी, अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्याच्या रोडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला, त्यात पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. माउझरचे लाकडी म्यान मागे जोडले की त्याचा कुंदा होई आणि पिस्तुलाची छोटी रायफल बने. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत चाललेले बेरेट्टा पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते. मध्य भारतातल्या मराठी घरांना या शेवटच्या वाक्याची सल आहे. पण तिच्यासाठी ते वाक्य गाळून इतिहास लिहिता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर घटना समितीतली एक चर्चा पाहावी. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. त्याचा दाखला देऊन डिसेंबर १९४८ च्या आरंभी हरि विष्णु कामथ यांनी तो हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामथ मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद. पुढे होशंगाबादचे खासदार म्हणून आपल्याला परिचित. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. असा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारीवर जगणारेही तो मागू शकतील, आणि नागरिकाच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर हवा, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते. कामथांचा मुद्दा पोकळ नव्हता: जो कायदा अपमान म्हणून आपण पन्नास वर्षे झिडकारला, तोच स्वराज्यात कसा ठेवायचा? पण १९५९ चा शस्त्रकायदा आणि १९६२ चे नियम आले तेव्हा सांगाडा जुनाच राहिला. अर्धस्वयंचलित रायफल पहिल्या वर्गात गेली. तिचा परवाना कलेक्टरच्या हाती नाही, केंद्र सरकारच्या हाती. १९८३ मध्ये एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन शस्त्रे अशी मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली.

म्हणजे असे, की आज आपल्या शाळांभोवती, मंगल कार्यालयांभोवती अर्धस्वयंचलित रायफल फिरत नाही, याचे श्रेय आपल्या शहाणपणाला थोडे आणि १८५७ च्या साहेबी अविश्वासाला बरेच आहे. ही गोष्ट मनाला रुचत नाही, पण ती खरी आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, तिथला अनुभव उलटा आहे. कोल्टने १९६४ मध्ये एआर-१५ ही लष्करी रायफलीची अर्धस्वयंचलित आवृत्ती शिकाऱ्यांसाठी म्हणून विकायला काढली. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे त्या प्रकारच्या अनेक रायफलींच्या नव्या विक्रीवर बंदी होती, ती मुदत संपताच उठली. मग जाहिरातीची भाषा बदलली. बुशमास्टर कंपनीच्या २०१० च्या जाहिरातीचा आशय असा, की ही रायफल घ्या म्हणजे तुमच्या पुरुषपणाचा दाखला तुम्हाला नव्याने मिळाला समजा. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक शाळेत त्याच कंपनीच्या रायफलीने वीस बालके आणि सहा मोठी माणसे मारली गेली. तिथल्या २००५ च्या कायद्याने बंदूक कारखान्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण आहे. त्यामुळे पालकांच्या वकिलांनी बंदुकीपेक्षा जाहिरातीवर बोट ठेवले: माल असा विकणे हाच गैरव्यवहार. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्या सरदारांना जे ‘रॉयल’ नावाने विकले जात होते तेच इथे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विकले गेले. फरक एवढाच, की घेणाऱ्यांच्या संख्येला बांध नव्हता.

आपण मात्र फार हुरळून जाऊ नये. २००८ मध्ये आपल्याच राज्यातील शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केले. एक पौरुष गेले असे वाटत असेल तर दुसरे घ्या, हाच त्याचा अर्थ. बुशमास्टरच्या जाहिरातीआधी दोन वर्षे! आणि २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर काढले. नावात दिल्लीच्या त्या अभागी मुलीची आठवण, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि वेष्टन दागिन्यांच्या पेटीसारखे. ज्यांना रात्रीच्या बसने जावे लागते त्यांच्यापैकी किती जणींना ती पेटी परवडणार होती?

आणखी एक बाजू आपल्या घराजवळची आहे. धार, बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांत शिकलगारांच्या वस्त्या आहेत. शिकलगार म्हणजे शस्त्राला उजाळा देणारा. शीख गुरूंच्या फौजांशी आपली परंपरा सांगणारी ही जमात. परवान्याच्या राज्यात या कारागिरीला मानाची जागा उरली नाही. आज देशी पिस्तुले पकडल्याच्या बातमीत या वस्त्यांचे नाव येते, आणि त्यांत कारखान्याच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची हुबेहूब नक्कलही असते. या शस्त्रांनी होणाऱ्या खुनांचे समर्थन कुणी करणार नाही. तरीही पाटावर तलवार मांडताना मनात येते, की तिला धार लावणाऱ्याचे वंशज ठाण्यात आहेत आणि ती मिरवणाऱ्याचे वंशज तिची पूजा करताहेत.

आमच्या घरची दुनळी आता माझ्या थोरल्या भावाच्या नावावर आहे. गेल्या कित्येक वर्षांत तिचा बार झालेला नाही. निवडणूक जाहीर झाली, की ठाण्यातून निरोप येतो, भाऊ तिला जुन्या धोतरात गुंडाळून नेतो आणि पावती घेऊन येतो. एका वर्षी निवडणूक आणि दसरा एकत्र आले. वहिनींनी पाटावर ती पावतीच मांडली, आणि तिच्यावर आपट्याचे पान ठेवले.