भोसे येथील वड आणि परवानगीची यादी

१/ जुलै २०२०. सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यात भोसे गावी, रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या कामात यल्लम्मा मंदिराजवळचा एक वटवृक्ष आडवा आला. त्याचे वय सुमारे ४०० वर्षे मानले जाई. ग्रामस्थ आणि वृक्षप्रेमी एकवटले. ग्रामीण भागात असे झाड तोडण्यास परवानगी कोणाची लागते? मित्रहो, या प्रश्नाचा इतिहास तीन शतकांचा आहे.

२/ झाडांविषयीचा एक उतारा समाजमाध्यमांवर ‘शिवछत्रपतींचे पत्र’ म्हणून फिरतो. तो वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात हा ग्रंथ सिद्ध झाला. अमात्यांनी शिवकाळ मात्र स्वतः अनुभवला होता.

३/ प्रकरण आरमाराचे. जहाजांना लाकूड हवे. म्हणून अरण्यातील साग वगैरे झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड फारच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

४/ येथे दोन परवानग्या दिसतात : अरण्यातील झाडासाठी राज्याची आणि रयतेच्या झाडासाठी रयतेची. रयतेचे दुःख हेही राज्यकारभारात विचारात घेण्याजोगे कारण मानले आहे.

५/ आता १९६४. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आला. अनुसूचीतील झाड स्वतःच्या शेतात असले, तरी ते तोडण्यापूर्वी मालकाने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतली पाहिजे. पूर्वी राज्याने धन्याला विचारायचे होते. आता धन्याने राज्याला विचारायचे आहे.

६/ अनुसूचीत १६ झाडे : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यादी पुन्हा वाचा. बहुतेक झाडे इमारती लाकडाची, फळांची वा व्यापारी मोलाची. वड त्यात नाही.

७/ शिवाय झाड वाळलेले, रोगट, जीवितास धोकादायक किंवा वाहतुकीस अडथळा ठरणारे असेल, तर परवानगी नाकारू नये, असेही हाच कायदा सांगतो. म्हणजे भोसे येथे वडाऐवजी आंबा असता, तरी रस्त्यापुढे या कायद्याचा आधार तोकडाच पडला असता.

८/ मग वड वाचला कसा? लोकांच्या विरोधामुळे. तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे हा विषय नेला आणि रस्त्याच्या आराखड्यात बदल झाला. अमात्यांनी नोंदवलेले ‘रयतेचे दुःख’ येथे कायद्याआधी कामी आले.

९/ २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा देणारी दुरुस्ती झाली. परंतु ती १९७५ च्या नागरी क्षेत्रांच्या कायद्यात. शहरातील पन्नाशीच्या झाडाला जो मान मिळाला, तो खेड्यातील चारशे वर्षांच्या वडाला त्या दुरुस्तीने मिळाला नाही.

१०/ २०२२ साली भोसे येथील वड उन्मळून पडला. रस्त्यापासून वाचवलेले झाड निसर्गक्रमाने गेले. या दोन जाण्यांत फरक आहे, आणि तो फरक राखण्यासाठीच परवानगीची व्यवस्था असते.

११/ शेजारच्या साताऱ्यात, वैराटगडाजवळच्या म्हसवे गावच्या वडाचे मोजमाप १८८२ मध्ये ली-वॉर्नर या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवले : विस्ताराचा परीघ १,५८७ फूट. ती नोंद आहे म्हणूनच त्या वडाचे मूळ वैभव आज आपल्याला सांगता येते.

१२/ यादीत नसलेल्या झाडाला निदान नोंदीत तरी स्थान हवे. आपल्या गावच्या जुन्या वडाचा घेर मोजा, छायाचित्र घ्या, वडीलधाऱ्यांच्या आठवणी तारखेसह लिहून ठेवा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. रस्त्याची आखणी येईल तेव्हा बोलायला हाती काहीतरी असेल.