एन्डुलकर? : एका प्रश्नचिन्हाचा इतिहास

"सचिन संपला." हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या ठामपणे आणि जितक्या चुकीच्या वेळी बोललं गेलं, तितकं दुसरं कुठलंच बोललं गेलं नसेल. आणि गंमत म्हणजे ते बोलायची खरी वेळ आली तेव्हा सगळे गप्प होते. आजचा लेख म्हणजे त्या वाक्याचा इतिहास. (सचिनभक्तांनी दगड उचलायच्या आधी शेवटपर्यंत वाचावं ही नम्र विनंती.)

मी परभणीचा. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असं काही असायचं, की मॅच बघण्यापेक्षा तिच्यावर चर्चाच जास्त व्हायची. मी तिसरी-चौथीत असेन, पण चहाच्या टपरीवरचे वाद अजून आठवतात. सरळ दोन पार्ट्या होत्या. एक म्हणायची, "डोळे गेले त्याचे, हात स्लो झाले." दुसरी म्हणायची, "हात-बित ठीक आहेत हो, डोकं चालेना झालंय. सोडायचा तो बॉल खेळतो अन् मारायचा तो सोडतो." जगात जर्मनी, भारतात परभणी असल्यामुळे दोन्ही पार्ट्या सिलेक्शन कमिटीवर जायला एका पायावर तयार होत्या :-)

पण टपरीवरच्या मंडळींनी नकळत एक भारी काम केलं होतं. त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले होते: शरीर उतरलंय, की निर्णय चुकतायत? प्रोग्राम स्लो चालला की आपणही हेच विचारतो ना, मशीन जुनं झालंय की लॉजिक गंडलंय? दोन्हींवरचे इलाज वेगळे असतात.

हा वाद आपल्यापुरताच नाही. आमच्या प्रोजेक्टवर सिअ‍ॅटलचा एक जण आहे, तो अमेरिकन फुटबॉलचा वेडा. त्यांच्या खेळात रनिंग बॅक म्हणून एक गडी असतो. बॉल काखेत मारायचा आणि समोरच्या गर्दीत फट शोधून घुसायचं. आपल्या कबड्डीतला चढाईपटूच म्हणा ना. पाय जोरात हवेतच, पण कुठल्या फटीत आणि कधी घुसायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवता आलं पाहिजे. सिअ‍ॅटलच्या शॉन अलेक्झांडरने २००५च्या सीझनमध्ये १८८० यार्ड धाव घेतली, २७ टचडाउन केले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्याच वर्षी त्याच्या पायाला दुखापत झाली, त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा स्टीव्ह हचिन्सन दुसऱ्या टीममध्ये गेला, आणि एप्रिल २००८ मध्ये टीमने अलेक्झांडरलाही नारळ दिला. तो फटीपाशी थबकायला लागला होता. पण पाय उचलत नव्हते म्हणून, की फटच दिसत नव्हती म्हणून, यावर तिकडे अजून भांडण होतं. त्याला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. सचिनला मिळाला, म्हणून त्याची केस अभ्यासायला जास्त चांगली.

तर सुरुवात २००३ पासून. त्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये सचिन जोरात होता, पण कसोटीत ५ सामन्यांत १५३ धावा, सरासरी १७. वर्षअखेरीस ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ०, १, ३७, ०, ४४. (पहिलं शून्य बकनरच्या खात्यात टाका, तो वाद आज नको.) मग जानेवारी २००४, सिडनी. सचिनने एक निर्णय घेतला: कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही. ऑफ स्टंपबाहेर ऑस्ट्रेलियाच्या बोलर्सनी अख्खा दिवस आमिष टाकलं, याने ढुंकून पाहिलं नाही. ४३६ चेंडू, ६१३ मिनिटं, ३३ चौकार (त्यातले बहुतेक लेगला), नाबाद २४१. दुसऱ्या डावात नाबाद ६०.

२०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने या मागची गोष्ट सांगितली आहे. थोरला भाऊ अजित त्याला म्हणाला, की तुझा प्रॉब्लेम तंत्राचा नाही, डोक्यातल्या शिस्तीचा आहे. सिडनीत दोन्ही डावांत नाबाद राहून दाखव. म्हणजे टपरीवरची दुसरी पार्टी आणि अजित तेंडुलकर यांचं निदान एकच होतं! फरक इतकाच, की अजितने निदानासोबत औषधही दिलं.

पण सिडनीने प्रश्न सुटला असं मानायच्या आधी २००४चे आकडे जरा उघडून बघा. त्या वर्षीची सचिनची कसोटी सरासरी ९१.५०. एकूण धावा ९१५. त्यात सिडनीचे दोन डाव, मुलतानचे नाबाद १९४ आणि ढाक्याचे नाबाद २४८, म्हणजे चार डावांत ७४३. उरलेल्या ११ डावांत किती? १७२! एकदा नाबाद धरून सरासरी १७.२०. २००३च्या 'खराब' वर्षाची १७ आणि २००४च्या 'महान' वर्षातल्या उरलेल्या डावांची १७.२०. सरासरी म्हणजे आपल्याकडचा डॅशबोर्ड असतो तशी आहे. सगळं हिरवं दिसतं, आणि आत सर्व्हर गाचके खात असतो.

आत काय चाललं होतं ते ऑगस्ट २००४ मध्ये कळलं. टेनिस एल्बो. आयुष्यभर जड बॅटने खेळलेला माणूस, आणि आता कोपर बंद. बंगलोर आणि चेन्नईच्या कसोट्या हुकल्या. मे २००५ मध्ये लंडनला ऑपरेशन झालं. नंतर मुलाची प्लास्टिकची बॅटसुद्धा उचलवत नव्हती, असं त्यानेच सांगितलंय. तरी १० डिसेंबर २००५ ला दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध ३५वं कसोटी शतक ठोकून त्याने गावसकरचा विक्रम मोडला. देशभर फटाके. आणि मग... काहीच नाही. पुढचं कसोटी शतक यायला मे २००७ उजाडला.

मधलं २००६ हे सगळ्यात वाईट वर्ष. ८ कसोटी, २६७ धावा, सरासरी २४.२७, शतक शून्य. एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने मथळा दिला, 'एन्डुलकर?' मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २१ चेंडूंत १ धाव काढून तो परतला आणि प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. वानखेडेवर! त्याच महिन्यात खांद्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे ज्या माणसाला घरच्या मैदानावर लोक "निर्णय घेता येत नाही" म्हणत होते, त्याचं कोपर एका वर्षापूर्वी उघडून शिवलं होतं आणि खांद्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. हुक बंद करणं, बाउन्सरला स्लिपच्या डोक्यावरून अपरकट मारणं, स्पिनरला पॅडल स्वीप करणं, यात 'भित्रेपणा' नव्हता. जे शरीर आहे त्यात बसणारं नवीन लॉजिक लिहिणं होतं ते. पण आपण एप्रिल १९९८चं शारजा डोळ्यांपुढे ठेवून बसलो होतो, त्यामुळे प्रत्येक सोडलेला चेंडू आपल्याला म्हातारपण वाटत होता.

मार्च २००७. वर्ल्ड कपमध्ये ग्रेग चॅपेल कोच, सचिन चौथ्या नंबरवर. धावा ७, नाबाद ५७ आणि ०. भारत पहिल्याच फेरीत घरी. लगेच इयन चॅपेलने कॉलम लिहिला, की सचिनने आरशासमोर उभं राहून निवृत्तीबद्दल स्वतःला विचारावं. सचिनच्याही डोक्यात तोच विचार घोळत होता. तेव्हा व्हिव्ह रिचर्ड्सने फोन करून समजावलं, तुझ्यात अजून क्रिकेट शिल्लक आहे.

शिल्लक होतं का? माझ्या मते याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर चेपॉकच्या दोन चौथ्या डावांत मिळतं.

पहिला, ३१ जानेवारी १९९९. पाकिस्तानविरुद्ध लक्ष्य २७१. सचिन २५ वर्षांचा, नजर आणि हात जगात एक नंबर. पाठ धरलेली असताना १३६. फक्त १७ धावा हव्या आहेत. आणि पाठ आणखी बिघडायच्या आत मॅच संपवून टाकू म्हणून सकलेनला उंच फटका, वसीम अक्रमच्या हातात कॅच. आमच्याकडे म्हणतात ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. नाही बनली. उरलेल्या तीन विकेट ४ धावांत गेल्या, १२ धावांनी हार.

दुसरा, १५ डिसेंबर २००८. मुंबईवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते. इंग्लंडविरुद्ध लक्ष्य ३८७. सचिन ३५ वर्षांचा, दोन ऑपरेशनं झालेला, 'एन्डुलकर' म्हणून झालेला. सेहवागने आदल्या संध्याकाळी ६८ चेंडूंत ८३ करून पाया घातला होता. शेवटच्या दिवशी सचिनने एकेक दुहेरी गोळा केली, युवराजला धीर धरायला लावला, आणि मॅच संपवणारा चौकार स्वतःच्या बॅटने मारला. नाबाद १०३. भारतातला तोवरचा सर्वात मोठा यशस्वी पाठलाग.

शरीर १९९९चं चांगलं होतं (पाठ सोडून). निर्णय २००८चा चांगला होता. शरीर आणि निर्णय एकाच आलेखावर वर-खाली होत नाहीत, हे या दोन दिवसांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. आणि दोन्ही एकत्र जुळून आले की काय होतं? २०१०. कसोटीत १५६२ धावा, ७ शतकं, सरासरी ७८.१०, शिवाय ग्वाल्हेरला पुरुषांच्या वनडेतलं पहिलं द्विशतक. वय ३७.

इथे गोष्ट संपवली असती तर सिनेमा झाला असता. पण इतिहास पुढे जातो. जानेवारी २०११ मध्ये केपटाउनला स्टेनसमोर १४६, कसोटीतलं ५१वं शतक. त्यानंतर २३ कसोटी, शतक एकही नाही. २ एप्रिल २०११ ला वर्ल्ड कप हातात आला, आणि मग अख्खा देश शंभराव्या शतकामागे लागला. ते वर्षाहून जास्त काळाने, १६ मार्च २०१२ ला मिरपूरला आलं, १४७ चेंडूंत ११४, आणि भारत बांगलादेशकडून हरला. २०१२ ची कसोटी सरासरी २३.८०, म्हणजे २००६ पेक्षाही कमी. न्यूझीलंडविरुद्ध घरच्या खेळपट्ट्यांवर सलग तीन डावांत त्रिफळा. आता कोपर नव्हतं, खांदा नव्हता. चेंडू बॅट आणि पॅडच्या मधून जात होता.

या वेळी टपरीवरच्या पहिल्या पार्टीचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती. पण ती पार्टीच उरली नव्हती. २००६ मध्ये तोंड पोळल्यामुळे सगळे ताकही फुंकून पीत होते. "मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात," एवढं एक वाक्य कुणालाही गप्प करायला पुरेसं होतं. २००६ चा धडा आपण 'सचिनवर शंका घेऊ नये' असा पाठ केला. खरा धडा होता, 'शंका घ्या, पण नेमकी घ्या.' नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर ७४ काढून तो गेला. सुंदर डाव होता. सात वर्षांपूर्वी हुर्यो उडवणारं तेच मैदान रडलं.

असो. हे सगळं आज का उकरलं? कारण अप्रेझलचे दिवस आहेत, आणि चाळिशी गाठलेल्या एखाद्या सिनिअरबद्दल "हा आता स्लो झालाय" असं कॅन्टीनमध्ये ऐकू येतंच. कधी तो खरंच थकलेला असतो. कधी तो मुद्दाम कव्हर ड्राइव्ह मारत नसतो, कारण त्या फटक्याने अख्खी सिस्टीम कशी झोपते हे त्याने पाहिलेलं असतं. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात. निकाल द्यायच्या आधी एकदा विचारायला हरकत नाही, की मशीन की लॉजिक? आणि उत्तर 'मशीन' आलं, तर तेही वेळेवर, नीट बोलायला हवं. टाळ्या वाजवत गप्प बसणं हासुद्धा त्या माणसावर अन्यायच आहे.

तुमच्या गावातल्या टपरीवर तेव्हा काय ठरलं होतं?