छत्राचा अर्थ

तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मार्गावर ओरत्तनाडु हे गाव आहे. दुसरे सरफोजी महाराज यांनी आपली प्रिय सखी मुक्तांबा हिच्या नावे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे एक मोठे छत्र उभारले. त्यावरून गावासही मुक्तांबाळपुरम् असे दुसरे नाव मिळाले. भोसल्यांच्या तंजावरी राज्यात अशी छत्रे अनेक झाली आणि त्यांतील पुष्कळांस राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो वास्तूचा नव्हे, तर तिला लावलेल्या शब्दाचा. कारण ‘छत्र’ म्हणजे काय, या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणास अन्न मिळावे आणि कोणास विद्या मिळावी, हे पुढे सव्वाशे वर्षे ठरत गेले.

छत्र म्हणताच मराठी वाचकास राजाच्या मस्तकावरील छत्र आठवते. परंतु येथील शब्द मुळात ‘सत्र’ हा होय. वैदिक काळी सत्र म्हणजे बारा दिवस वा त्याहून अधिक चालणारा सोमयाग. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात सर्व ऋत्विज स्वतःच यजमान असत. देणारा एक आणि घेणारा दुसरा असा भेद नसे, म्हणून दक्षिणाही नसे. पुढे अखंड चालणाऱ्या अन्नदानास अन्नसत्र म्हणू लागले, आणि बोलण्यात अन्नसत्राचे अन्नछत्र झाले. तमिळमध्ये तोच शब्द ‘सत्तिरम्’ होऊन प्रवाशांच्या विसाव्याचे स्थान दाखवू लागला. आज तिकडे ‘कल्याण सत्तिरम्’ म्हणजे लग्नाचे कार्यालय. आमच्याकडे मात्र सत्र राहिले ते शाळेचे, विधिमंडळाचे आणि न्यायालयाचे. शब्द एक, पण तंजावरच्या आणि पुण्याच्या माणसाने तो उच्चारला तर दोघांच्या मनात दोन निराळ्या वस्तू उभ्या राहतात.

इंग्रजांनी या संस्थेस ‘चौल्ट्री’ म्हटले. तो शब्द दक्षिणेतील ‘चावडी’ या शब्दाचे रूपांतर. मराठी माणसास चावडी म्हटले की पाटील-कुलकर्णी आणि सारावसुली आठवते. मद्रासच्या इंग्रजांस चौल्ट्री म्हटले की रात्रीच्या मुक्कामाची ओसरी दिसे. छत्रात जे चाले ते या दोहोंतही बसत नव्हते.

ही केवळ व्युत्पत्तीची गंमत नव्हे. १७९९ च्या तहाने तंजावरचा मुलकी कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजींच्या हाती किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा भाग तेवढा राहिला. छत्रांना लावून दिलेल्या जमिनी आता कंपनीच्या अमलाखाली येणार होत्या. तेव्हा १८०१ साली महाराजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस एक पत्र लिहून छत्रांचे स्वरूप कळविले. त्या पत्राची रीत मोठी लक्षणीय आहे. छत्र या नावाचा महिमा सांगण्यात त्यांनी शब्द खर्चिले नाहीत. छत्रात काय घडते ते एकेक करून मांडले. ब्राह्मणांपासून परैयरांपर्यंत सर्व वाटसरूंस अन्न मिळते. जोगी, गोसावी, जंगम, बैरागी कोणी वर्ज्य नाही. मध्यरात्री घंटा वाजवून, झोपी गेलेल्या भुकेल्यांस हाक घातली जाते. आजारी पडलेल्यास वैद्य व औषध मिळते. गर्भवती स्त्रियांची व पोरक्या मुलांची काळजी घेतली जाते. मेलेल्याचे अंत्यसंस्कार होतात. मुलांस शिकविण्यास शिक्षक असतात. ज्याच्या भाषेत आपल्या शब्दास नेमका प्रतिशब्द नाही, त्याच्याशी बोलताना हाच मार्ग खरा. नावाने जे पोहोचले नसते ते यादीने पोहोचले.

परंतु कायद्यास यादीपेक्षा वर्ग अधिक प्रिय असतो. मद्रास सरकारच्या १८१७ च्या सातव्या रेग्युलेशनात देवळे, मशिदी, पूल आणि छत्रे यांची देखरेख एकाच ठिकाणी सांगितली होती. १८६३ च्या विसाव्या कायद्याने सरकारने देवळे व मशिदी यांच्या व्यवस्थेतून अंग काढून घेतले. आणि जी देणगी अंशतः धार्मिक व अंशतः ऐहिक असेल तिच्यासाठी निराळे कलम घालावे लागले. आमच्या भाषेत ‘धर्म’ हा शब्द दोन्ही अर्थ सुखाने वाहतो. दारी आलेला भिकारी ‘धर्म करा’ म्हणतो तेव्हा तो आपणांस संध्या करावयास सांगत नाही. तमिळमध्येही ‘धर्मम्’ म्हणजे दानच. दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. पण धर्म म्हणजे पंथ, हा अर्थ बळावला, की ‘धर्मार्थ’ दिलेले अन्न कोणाच्या धर्माचे, असा प्रश्न निघतो. आणि तो विचारणारा बहुधा आधीच पंगतीत बसलेला असतो.

ओरत्तनाडूस नेमके हेच झाले. १८५५ साली दुसरे शिवाजी महाराज पुत्रावाचून वारले, राज्य खालसा झाले आणि छत्रांचा कारभार सरकारी हातांत गेला. पुढे छत्रांच्या आश्रयाने ओरत्तनाडु व राजामडम् येथे विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालली. त्यांत प्रवेश मात्र ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरता उरला. १९२० नंतरच्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम् तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असताना ती दारे इतर जातींच्या मुलांस उघडली. त्या काळी अनेकांस ही मोठी नवी गोष्ट वाटली. वस्तुतः १८०१ च्या पत्रातील ‘सर्व’ हा शब्द तेवढा आपल्या मूळ अर्थावर परत आला होता.

त्याच दशकात इकडे कोकणात ‘सार्वजनिक’ या शब्दाची अशीच परीक्षा झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी ते पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे दावा लागला. वहिवाटीने तळे स्पृश्यांचेच, असे वादींचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साली त्यांच्याविरुद्ध गेला. म्हणजे एका विशेषणात कोण कोण येतो हे ठरावयास दहा वर्षे लागली.

शब्दांचे अर्थ बदलतात ही तक्रार आम्ही करीत नाही. न बदलते तर सत्राचे अन्नसत्रही झाले नसते. परंतु अर्थ दोन रीतींनी बदलतो. यज्ञातील सत्र वाटसरूच्या पानापर्यंत आले तेव्हा तो विस्तारला. छत्राचे वसतिगृह एका जातीचे झाले तेव्हा तो आकसला, आणि आकसताना नाव मात्र जुनेच, पुण्यवाचक राहिले. धोका आहे तो येथे. नाव तेच असल्यामुळे आत कोण उरले याची चौकशी करण्याचे कोणास सुचत नाही. सरकारी कागद हाताळताना आम्हांस हे नित्य दिसते: ‘पात्र’, ‘गरजू’, ‘स्थानिक’ हे शब्द मसुद्यात निरुपद्रवी वाटतात, आणि भांडण होते ते प्रत्यक्ष वाटपाच्या दिवशी.

म्हणून सार्वजनिक चर्चेत मोठा शब्द वापरणाऱ्याने सरफोजींची रीत पाळावी. ‘सर्व’ म्हणावयाचे असेल तर पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे नावे घेऊन सांगावे; आणि जो झोपी गेल्यामुळे मागे राहिला, त्याच्यासाठी घंटा कोण वाजविणार, हेही त्याच कागदात लिहून ठेवावे.