फरशीचे कूळ, फरशीचे औषध

लिंबू चिरताना कडप्प्याच्या ओट्यावर चार थेंब सांडतात आणि पुसायचे राहून जातात. तासाभराने फडका फिरवला तरी काळ्या दगडावर पांढुरके, निस्तेज ठसे उरतात. साबण लावा, घासा, ठसे जात नाहीत. कारण तो डाग नाहीच. तिथला दगडच किंचित विरघळलेला असतो. कडप्पा हा चुनखडक आणि लिंबाचा रस आम्ल. दोघांची गाठ पडली की दगडाची झिलई जाते.

ओट्यावर शिकलेला हा धडा आपण जमिनीवर मात्र विसरतो. गेल्या दीडशे वर्षांत आपल्या पायाखालची जमीन चार-पाच वेळा बदलली. नवा दगड आला, नवी लादी आली. पण तिची निगा कशी राखायची हे ज्ञान बहुतेक वेळा तिच्याबरोबर आले नाही. म्हणून फरशीचे कूळ शोधत थोडे मागे जाऊ.

मातीच्या घरात ही अडचण नव्हती. मुरूम आणि माती पसरायची, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपून जमीन घट्ट करायची आणि वाळली की शेणाने सारवायची. ज्या घरच्या बाईने ती चोपली, तिच्याच हातात पोतेरे असे. कुठे भेग पडते, कुठे पोपडा सुटतो, काल्यात माती किती आणि शेण किती, हे तिला ठाऊक असे. शेणातले न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात, त्यामुळे धूळ उडत नाही आणि भेगा कमी पडतात. म्हणजे सारवण ही एकाच वेळी सफाई होती, डागडुजी होती आणि लेपही होता. झिजला लेप की नवा. आज सीलर नावाने जे बाटलीत मिळते, त्याचे काम तेव्हा पोतेरे करत होते.

या जमिनीचे दोषही खरे होते. पाणी सांडले की चिखल व्हायचा. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत हीच जमीन धोक्याची ठरू शकत होती. पाण्याने धुता येईल अशी जमीन हवी होती, आणि ती आगगाडीने आली.

१८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग सोलापूर, वाडी असा रायचूरपर्यंत पोहोचला. त्याच मार्गावर, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, शहाबाद आहे. तिथला चुनखडक थराथरांनी बसलेला. पहार लावली की सपाट लाद्या सुटतात. त्या गाडीत चढल्या आणि गावाचे नावच दगडाला मिळाले. चाळींच्या व्हरांड्यात, वाड्यांच्या मोऱ्यांत, शाळांच्या वर्गांत शहाबादी बसली. तिला झिलई दिली ती पावलांनी. केरसुणी आणि साधे पाणी एवढ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

दरम्यान जमीन पुसण्याचा अर्थच पालटत होता. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरून जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हेच कार्बोलिक आम्ल गटारांत आणि घरांत पोहोचले. पुढे घरोघरी आले फिनेल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी उभारलेल्या आणि १९०१ साली मर्यादित कंपनी झालेल्या बेंगॉल केमिकलचे फिनेल देशभर गेले. काळे फिनेल पाण्यात पडताच दुधासारखे पांढरे होते आणि उग्र दरवळते. तेव्हापासून स्वच्छतेला वास आला. फिनेल जंतूंवर चालते, मळावर फारसे नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. केर न काढता फिनेलचा फडका फिरवला तर मळ नुसता पसरतो.

पुढची पायरी नक्षीची. १८७२ साली मुंबईत खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव असलेल्या संग्रहालयात इंग्लंडहून आलेल्या मिंटन लाद्या आहेत. त्या भाजलेल्या मातीच्या. १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून फेरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्स सुरू केली. इथली लादी सिमेंटची होती: साच्यात रंगीत थर भरायचा, दाबयंत्राखाली दाबायचा आणि पाण्यात मुरवायचा. भट्टी नाहीच. दोन्हींवर तशीच फुले आणि तशाच वेली असल्या, तरी एकीला आगीने घडवले आणि दुसरीला पाण्याने. सिमेंटमध्ये चुना असतो, म्हणूनच सिमेंटच्या लादीला आम्ल सोसत नाही.

मोझेक याच घराण्यातले: सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा. ते घासायला कार्बोरंडमचे दगड लागतात. एडवर्ड ॲचेसन यांना १८९० च्या दशकाच्या आरंभी हा पदार्थ सापडला नसता, तर आपल्या कॉलन्यांतल्या खोल्या अशा चमकल्या नसत्या. शेवटचा हात ऑक्झॅलिक आम्लाचा. ते चुन्याशी संयोग पावून एक पातळ, न विरघळणारा थर देते आणि त्याने झळाळी येते. पॉलिशवाले कारागीर हे काम बेताने, मोजून आणि भरपूर पाण्याने करत. ही पांढरी भुकटी पोटात गेली तर मूत्रपिंडांना घातक, म्हणून ती घरात उघडी ठेवायची नसते.

कारागिराच्या हातातले हे मोजमाप सुटले आणि उरले नुसते ‘ॲसिडने फरशी चमकते’ हे वाक्य. बांधकामानंतर सिमेंटचे शिंतोडे काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतायची सवय त्यातूनच लागली. शिंतोडे जातात खरे. पण सांध्यातले सिमेंट आणि संगमरवराची चीपही जाते. पृष्ठभाग खरखरीत होतो, त्यात मळ अधिक बसतो, मग पुन्हा ॲसिड. असे करत चांगली फरशी कायमची मळकट होते. आणि माणसाचे काय? ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यांच्या प्रकरणात किरकोळ विक्रीवर निर्बंध आणले. तरीही कोणतीही दोन सफाईची द्रावणे एका बादलीत मिसळू नयेत, ही गोष्ट आपण घरात पुरेशी बोलत नाही.

आता मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल घरोघरी आहे. तीव्र आचेवर भाजलेली ही टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिला सीलरची गरज सहसा पडत नाही. जपायचे ते तिचे सांधे. कोटा, शहाबादी, संगमरवर आणि सिमेंटची लादी यांची गोष्ट वेगळी. फरशीवर पाण्याचे थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो, त्याला सीलर हवा. आत मुरणारा सीलर छिद्रांना अस्तर देतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. वरून बसणारा चकचकीत थर ओलसर जमिनीवर दिला तर पांढरा पडून सुटतो, शिवाय ओला झाला की पाय घसरतो. आणि कोणताही सीलर चहा-तेलाचा डाग लांबवतो, पण लिंबाचा घाव अडवत नाही. रोजच्या पुसण्याला सौम्य, आम्ल नसलेले साबणपाणी, दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी आणि शेवटी कोरडा फडका, इतके पुरते.

हा फडका कोणाच्या हातात असतो? सारवणाच्या काळात जमीन आणि हात एकाच घरातले होते. आज पुष्कळ घरांत लादी पुसणारी बाई दिवसाला पाच घरे करते आणि पाचही घरांतली फरशी वेगळी असते. तिच्यासाठी २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तिच्या गुडघ्यांना लांब दांड्याचा पोछा आणि हातांना रबरी मोजे देणे हे मात्र घराचे काम. त्याहून आधी, आपली फरशी कोणत्या कुळातली आहे हे आपण तिला सांगायला हवे. ते आपल्यालाच माहीत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहा. बुडबुडे आले किंवा चकाकी गेली तर तिथे चुना आहे, आणि त्या घरात ॲसिडची बाटली नको.