एक्सलरेटरची तार गेली तेव्हा

नाशिकच्या सातपूर भागात मायको, म्हणजे आजची बॉश, डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवत आली. शेजारीच महिंद्रचा मोटार कारखाना. जुन्या डिझेल गाड्यांत एक्सलरेटरच्या पेडलपासून निघालेली तार थेट पंपाचा लिव्हर ओढी. ती तुटली वा अडकली, की दोष डोळ्यांना दिसे. 2002 मध्ये नाशिकमध्ये तयार होणारी महिंद्रची स्कॉर्पिओ बाजारात आली. पुढे अशा गाड्यांत कॉमन रेल डिझेल इंजिने आली आणि तार गेली. पेडलवर दोन सेन्सर बसले. बहुधा एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट. हे प्रमाण बिघडले, की ईसीयू, म्हणजे इंजिनाची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा, गाडीची ताकदच रोखते. इथे स्कॅनरच्या कोडवर विसंबून सेन्सर बदलणे घाईचे ठरते. पेडल सावकाश दाबत मल्टिमीटरवर दोन्ही आकडे पाहावेत. कित्येकदा कनेक्टरची गंजलेली पिनच सापडते. तार नसलेल्या पेट्रोल गाडीत थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ केल्यावर अनेकदा स्कॅनरने झडपेची मूळ स्थिती पुन्हा नोंदवावी लागते.